पसंतीक्रम एक

सांगोल्याकडच्या एका मुलीचा फार्मसीच्या प्रवेशाचा फॉर्म मी चुकीचा भरला. चुकून नव्हे, समजून-उमजून. हे मी कितीतरी वर्षं कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवावं असं माणूसच आसपास नव्हतं. एक होतं, ती मुलगीच, आणि तिलाच सांगायची सोय नव्हती.

मी सोलापुरात एका खासगी फार्मसी कॉलेजात शिकवते. माझा विषय औषधी वनस्पतींचा, म्हणजे साली, मुळं, पानं, बिया आणि त्यांची बरण्यांतून ठेवलेली नमुन्यांची खोली. मूळची मी अक्कलकोटकडची, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. आई-वडील गेले, भाऊ पुण्याला गेला, गावातल्या घरात आता एका बँकेतले साहेब भाड्याने राहतात. मी जुळे सोलापुरात एका खोलीत राहते. मी फार्मसी का घेतली, यात सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले आणि वडील म्हणाले, फार्मसी घे, उद्या काही नाही तर दुकान तरी टाकता येईल. दुकान मी टाकलंच नाही. बरोबरच्या मैत्रिणी हैदराबादला कंपन्यांत लागल्या, मी पुढचं शिकले आणि शिकवत राहिले. लग्नाचं जमत होतं तेव्हा मला नको होतं, आणि मला हवंसं वाटायला लागलं तेव्हा जमवणारं कुणी उरलं नव्हतं. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की माझं तोंड जे बंद व्हायचं ते सोमवारी हजेरी घेतानाच उघडायचं. पहिले दोन-तीन रोल नंबर घोगऱ्या आवाजात जायचे. मुलांना वाटायचं मॅडमना सर्दी झालीय.

आमच्या धंद्याची एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. जिल्ह्यात फार्मसीची कॉलेजं भरमसाट झाली, मुलं तेवढी नाहीत. मग बारावीच्या परीक्षा झाल्या की प्राध्यापकांनी गावोगाव जाऊन मुलं आणायची. हातात बारावी सायन्सच्या मुलांची यादी, पिशवीत रंगीत पत्रकं. मोहोळ कुणाकडे, कुंभारी कुणाकडे, सांगोला कुणाकडे, अशी वाटणी व्हायची. पीएच.डी. झालेला माणूसही उन्हातान्हात दारोदार फिरून 'आमच्याकडे एसी लॅब आहे' म्हणून सांगतो. दर शनिवारी प्राचार्य सगळ्यांना बसवून, कुणी किती आणले, ते नाव घेऊन विचारायचे. ज्यांनी आणले नाहीत त्यांच्यातल्या दोघांना पुढच्या वर्षी महिन्याचा पगार बंद करून नुसतं तासावर बोलावलं गेलं. त्या वर्षी मे सरत आला तरी माझ्या नावावर एकही मूल नव्हतं. मला गोड बोलता येत नाही, हा माझा जुना दोष.

अशात मी सांगोल्याला गेले आणि तिथून वडापच्या खचाखच भरलेल्या जीपने त्या गावात पोचले. मुलीचे वडील ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर. कुठल्या आळीला कधी नळ सोडायचा ते त्यांच्या हातात, आणि टँकर लागले की गावाच्या शिव्याही त्यांनाच. आई डाळिंबाच्या बागांत कामाला जायची, तिच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते. दोन खोल्यांचं घर, कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्या शेजारी एक निळी फाइल. वडिलांनी ती फाइल माझ्यापुढे ठेवली. त्यात मुलीचा पहिलीपासूनचा एकेक कागद होता, जातपडताळणीचं प्रमाणपत्रसुद्धा. ज्यासाठी शिकलेले लोक ऐन वेळी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात, ते यांनी वर्षभर आधी आणून ठेवलं होतं. मला या माणसाबद्दल आदर वाटला.

त्यांना दोन वर्षांचा डिप्लोमा बरा वाटत होता. दोन वर्षांत हातात काहीतरी येईल, सांगोल्यातल्या एखाद्या मेडिकलमध्ये पोरगी लागेल, रोज घरी येईल. मुलीला चार वर्षांची डिग्री हवी होती. ती मला म्हणाली, गोळी विकायला शिकायचं नाही, गोळीत काय असतं ते शिकायचंय. मी तिची बाजू घेतली. डिप्लोमावाल्याला कुठवर जाता येतं, डिग्रीवाल्याला कुठली दारं उघडतात, सरकारी दवाखान्यातल्या जागा, औषध निरीक्षकाची परीक्षा, सगळं नीट समजावलं, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तासाभराने वडील म्हणाले, मग चार वर्षं तर चार वर्षं. आईने तोवर चुलीवरची भाकरी, शेंगाची चटणी आणि पातळ पिठलं वाढलं. कुणाच्या घरी पाटावर बसून गरम जेवल्याला मला किती दिवस झाले होते ते मी मोजलं नाही, पण पोटभर जेवले. मुलगी समोर बसून एकामागून एक प्रश्न विचारत होती. माझ्या पत्रकावर सोनामुखीच्या झाडाचं चित्र होतं. ते बघून ती म्हणाली, हे आमच्या माळावरच्या तरवडाचंच भावंड की. एकाच कुळातली झाडं आहेत ती. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही ते पाठ करून सांगावं लागतं.

तेव्हाच मनात आलं, ही मुलगी माझ्या वर्गात हवी.

जूनअखेरीस ऑनलाइन फॉर्म सुरू झाले आणि मी पुन्हा गेले. इथे एक नियम सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फॉर्ममध्ये कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमाने द्यायची असते. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचं कॉलेज मिळालं तर ते राखून वरच्यासाठी पुढच्या फेरीत थांबता येतं. पण एक नंबरला टाकलेलं मिळालं, की संपलं. तेच घ्यायचं, पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. म्हणून जे सगळ्यांत जास्त हवं ते एक नंबरला टाकावं, मिळण्याची आशा कितीही कमी असो. खेड्यातले आई-बाप नेमकं उलटं करतात. त्यांना वाटतं, जे नक्की मिळणार ते आधी टाकलं की कॉलेज पदरात पडलं. ही चूक सुधारायला तर आम्हाला मदत केंद्रावर बसवतात.

मुलीने वहीच्या कागदावर यादी करून ठेवली होती. एक नंबरला दोन जिल्हे पलीकडचं सरकारी कॉलेज. आमचं सातवं. तिचा क्रम अगदी बरोबर होता. गेल्या वर्षीची यादी पाहिली तर सरकारी कॉलेज तिला काठावर मिळत होतं. तिने कागद माझ्यापुढे धरला आणि हे असं चालेल का, म्हणून विचारलं.

मी म्हणाले, "जे नक्की मिळणार ते आधी टाकावं. नाहीतर हातचंही जातं."

वडिलांनी मान डोलावली, त्यांना ते पटण्यासारखंच होतं. मुलगी जराशी घुटमळली. मग म्हणाली, मॅडमना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी आमचं कॉलेज एक नंबरला टाकलं. वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी आला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी एकेक आकडा मला सावकाश वाचून दाखवला, आणि शेवटच्या आकड्यानंतर विचारलं, "बरोबर भरला न्हवं?"

मी हो म्हणाले.

नोकरीची भीती होती, ती मी नाकारत नाही. पण नुसत्या भीतीवर सगळं ढकलणं म्हणजे पुन्हा खोटं बोलणं. ती पोर मला माझ्याजवळ हवी होती. एखाद्याला मूल आवडलं तर तो त्याला खाऊ देतो, मी तिचं कॉलेज पळवलं.

पहिल्या फेरीत तिला आमचं कॉलेज लागलं. शनिवारच्या बैठकीत प्राचार्यांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. शेवटच्या फेरीनंतर मी स्टाफरूममध्ये बसून सरकारी कॉलेजची यादी उघडली. यादी जिथे थांबली होती तिथल्या मुलाला तिच्यापेक्षा कमी मार्क होते. मी संगणक बंद केला आणि तासाला गेले.

ती सरकारी वसतिगृहात राहायला आली. पहिल्याच वर्षी नमुन्यांच्या खोलीत तिचा जीव रमला. दुसऱ्या वर्षी एकदा मी मुलांसमोर वाळलेल्या पानांचे दोन ढीग ठेवले, एक सोनामुखीचा आणि एक तरवडाची पानं मिसळलेला. बाकीची मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली आणि हिने पान बोटांत चुरगाळून वास घेतला आणि सांगून टाकलं. मी तिला रागावले, परीक्षेत वासाला मार्क नसतात म्हणाले. मनातून इतका आनंद झाला की दिवसभर उगीचच हसत होते.

रविवारी ती माझ्याकडे यायला लागली. आधी वही घेऊन, नंतर तशीच. गावाकडून येताना फुटलेली डाळिंबं आणायची, बाजारात न चालणारी, पण आतून लालभडक. आम्ही दोघी गॅलरीत बसून दाणे सोलायचो. ती भाकरी थापायची, मी कडेला बसून नावं ठेवायचे. ती मला कानडी शिकवा म्हणायची आणि शिव्याच आधी शिकायची. माझ्या खोलीत दुसरं ताट नव्हतं, ते मी नव्या पेठेतून आणलं. सोमवारी हजेरीत माझा आवाज स्वच्छ निघायला लागला. त्या दीड-दोन वर्षांत मी सुखात होते, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. आणि त्या सुखाखाली काय दडवलंय ते मला रोज माहीत होतं.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. परीक्षा होऊ दे मग सांगू. निकाल लागू दे मग. तिच्या आईच्या हाताचं ऑपरेशन होऊ दे. एका रविवारी तर सुरुवातही केली, म्हणाले, तुझ्या फॉर्मच्या वेळी एक गोष्ट झाली. ती हसून म्हणाली, तुम्ही आला नसता तर बाबांनी डिप्लोमाच करायला लावला असता, घरात अजून सगळे तुमचं नाव काढतात. मी तव्यावरची भाकरी उलटली.

दुसरं वर्ष संपलं, पुन्हा प्रवेशाचा हंगाम आला. आमच्या कॉलेजात मदत केंद्र असतं, तिथे मोठ्या वर्गांतल्या हुशार मुलांना बसवतात. तिचं नाव मी दिलं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी दिलं. जुलैतला दिवस, हॉल माणसांनी भरलेला, मी शेजारच्या टेबलावर कागद तपासत होते. मोहोळकडचा एक बाप तिला विचारत होता, जवळचं कॉलेज आधी टाकू का, ते तर मिळंलच. तिने सूचनांची पुस्तिका उघडली आणि त्याला वाचून दाखवायला लागली. पहिल्या पसंतीक्रमाचं कॉलेज मिळाल्यास उमेदवारास पुढील फेऱ्यांत, इथपर्यंत आली आणि थांबली.

पंखे फिरत होते, माणसं बोलत होती, मी हातातला दाखला वाचतेय असं दाखवत होते. तिने वाक्य पुरं केलं. मग त्या माणसाला सांगितलं, "जे पायजे तेच पयलं टाका काका. दुसऱ्या कुणाचं ऐकू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी डबा खायला ती बाहेर गेली, रोज आम्ही एकत्र बसायचो. त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी कणिक मळून ठेवली, मग एकटीपुरत्या दोन पोळ्या केल्या आणि उरलेली कणिक झाकून ठेवली.

ती मला काहीच बोलली नाही. भांडली असती तर मी हात जोडले असते, रडले असते, काय वाटेल ते केलं असतं. भांडायला येण्याइतकी मी तिची उरले नव्हते. पुढची दोन वर्षं ती माझ्या तासांना वेळेवर येऊन बसायची, विचारलं की उत्तर द्यायची, भेटली की नमस्कार करायची. सगळ्या मुलांसारखी. पेपरात एक मार्क कापायलाही तिने मला जागा सोडली नाही. जिन्यावर दोनदा मी तिला थांबवलं. एकदा तिच्या मागे मैत्रिणी होत्या, एकदा कुणीच नव्हतं, आणि तेव्हा मी वसतिगृहाचं जेवण बरं आहे ना, एवढंच विचारलं. तिने बरं आहे म्हणून सांगितलं. चौथ्या वर्षाच्या निरोप समारंभात सगळ्या मुलांबरोबर ती माझ्याही पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ती उठायच्या घाईत होती.

आता ती सोलापुरातच एका दवाखान्याच्या औषध विभागात आहे. मी एकदा त्या रस्त्याने गेले होते. आत गेले नाही.

या वर्षी जुलैत ती कॉलेजात आली. मी नमुन्यांच्या खोलीत बरण्यांवरची नावं नव्याने चिकटवत होते. बरोबर तिची धाकटी बहीण, छातीशी ती निळी फाइल धरून. बारावी झाली होती, हिलाही फार्मसीच हवी होती. मी घाईघाईने दोन स्टुलं ओढली, पाणी दिलं, बाबा कसे आहेत विचारलं. बरे आहेत, पाणी सोडायचं काम सुटलं, आता घरीच असतात. आईचा हात? बरा आहे. मग तिने मोबाइल पुढे केला.

"मॅडम, हिचा फॉर्म मी भरलाय. पाठवायच्या आदी क्रम बरोबर हाय का तेवढं बघा."

माझा जीव हरखला. शहरात एवढी मदत केंद्रं असताना ती माझ्याकडे आली होती. मी चष्मा लावला आणि यादी वाचायला लागले. एक नंबरला तेच सरकारी कॉलेज. मग दुसरी दोन सरकारी. मग लांबची चांगली खासगी, मग त्यांच्याहून जरा डावी, क्रम इतका विचारपूर्वक लावलेला की मला कुठे बोट ठेवता येईना. मी शेवटापर्यंत गेले. एकोणीस नावं होती. आमचं त्यात नव्हतं. मी पुन्हा वरून खाली पाहिलं.

धाकटीचे सीईटीचे मार्क मी विचारले. थोरलीपेक्षा बरेच कमी. यादीतलं एकही कॉलेज तिला लागेल याची खात्री नव्हती. असा फॉर्म घेऊन कुणीही आलं असतं तर मी त्याला एकच सांगितलं असतं, शेवटी एखादं नक्की मिळणारं जवळचं कॉलेज टाकून ठेवा, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही. शेवटच्या नंबराने कुणाचं काही बिघडत नाही. हा सल्ला खरा होता. अगदी पुस्तिकेतला.

मी म्हणाले, "क्रम बरोबर आहे. पण सगळ्यांत शेवटी आपलं कॉलेज टाकून ठेव. काहीच लागलं नाही तर हाताशी राहील. शेवटी, पहिल्याला नाही."

शेवटचे तीन शब्द मी बोलायला नको होते, किंवा पाच वर्षांपूर्वीच बोलायला हवे होते. धाकटी बहिणीकडे बघायला लागली. मी थोरलीला म्हणाले, "तुझ्या वेळी मी चुकले. मुद्दाम चुकले."

"ठावं हाय, मॅडम," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने मोबाइल माझ्या हातातून हळूच घेतला, यादीवरून एकदा बोट फिरवलं, आणि आमचं नाव न घालताच फॉर्म पाठवून दिला.

"न्हाय लागलं तर पुढच्या वर्षी परत बसंल ती," तिने सांगितलं. "एक वर्स गेलं तर गेलं."

मी बरं म्हणाले. दोघी उठल्या. धाकटीने वाकून नमस्कार केला. थोरलीने पाणी प्यायलेला पेला धुऊन जागेवर ठेवला आणि दोघी निघून गेल्या.